खानदानी नजर

हरीओमच्या लेखी चष्मा म्हणजे खानदानाला बट्टा. म्हणून त्यानं लेकीसाठी, निकितासाठी, रात्री घालून झोपायच्या लेन्स आणल्या. झोपेत बुबुळाला आकार मिळायचा, दिवसभर बिनचष्म्याचं लख्ख दिसायचं आणि नंबरही सावकाश वाढायचा.

धाकट्या भावाच्या साक्षगंधाला मानोऱ्याचे व्याही आदल्या दिवशीच मुक्कामाला आले आणि हरीओमचं धाबं दणाणलं. "आज लेन्स नको. पाव्हणे पाह्यतीन, सोयरीक मोडन."

"पुतणीच्या डोयानं काकाची सोयरीक कायले मोडन?" उज्ज्वलानं नवऱ्याला विचारलं. पण अकलेशी त्याचं जुनंच वैर.

दुसऱ्या दिवशी मांडवात हरीओमचे वडील, आबा, फेटा बांधून बसले होते. हरीओम छाती फुगवून व्याह्यांना म्हणाला, "आमच्या घरात चष्मा कोणालेच नाही. निकिता, आबाच्या पाया पड!"

निकिता डोळे बारीक करत गेली आणि डोक्याला टॉवेल गुंडाळलेल्या आचाऱ्याच्या पाया पडली. हरीओमचं तोंड एवढंसं झालं.

"आमच्याबी घरात नाही हो," म्हणत व्याह्यांनी घाईनं आपल्या नातीला आबांकडे पिटाळलं. तीही डोळे बारीक करत तडक आचाऱ्यापुढेच वाकली.

"मामाजी," उज्ज्वला सगळ्यांदेखत व्याह्यांना म्हणाली, "हिच्याबी लेन्स आमच्यापायीच बॅगीत राह्यल्या का?"