बाविसावा कोट

सोलापूरला थंडी पडतच नाही, असं पुण्याचे लोक म्हणतात. ते खोटं आहे. थंडी पडते, पण घाईतल्या पाहुण्यासारखी. जेवायला थांबत नाही. तिच्यासाठी कुणी खास कपडे शिवत नाही. तरीही आमच्या चाळीतल्या निंगप्पांकडे एकवीस कोट होते.

सगळे जुने. नवा कोट शिवणाऱ्या माणसाकडे निंगप्पा, भाकरी विकत आणणाऱ्याकडे बघावं तसे बघत. त्यांच्याकडे लढाईनंतर विकायला निघालेला एक लष्करी ओव्हरकोट होता, गुडघ्याच्या खाली येणारा. पितळी बटणांचा एक होता, तो कुण्या स्टेशनमास्तराचा असावा. कोपरं झिजलेला एक वकिली काळा कोट होता. त्याच्या खिशात त्यांना एक लवंग सापडली होती, ती त्यांनी त्या खिशातच ठेवली होती. काही बाजारात जुन्या कपड्यांच्या ढिगात मिळाले, काही बोहारणीकडून. निंगप्पा पातेली देऊन कोट घेत. बोहारणीला हा उलटा व्यवहार समजायला दोन वर्षं लागली.

दिवाळी झाली की संक्रांतीपर्यंत रोज एक कोट. क्रम ठरलेला. सकाळी आठ वाजता ते ओट्यावर उन्हात येऊन बसत आणि दहा वाजता घाम फुटला तरी कोट काढत नसत.

“काका, उकडत नाही का?” मी एकदा विचारलं.

“उकडतंय की.”

“मग?”

“कोट काय ऊब यावी म्हणून घालतात काय?” ते म्हणाले.

घर दोन खोल्यांचं. कपाट एक, ते कोटांचं. त्यांच्या बायकोची, जगदेवीकाकूंची लुगडी दोरीवर असत.

निंगप्पांचा जीव मात्र अडकला होता तो एकविसांच्या बाहेरच्या एका कोटात. तो चाळीचा होता, म्हणजे कुणाचाच नव्हता. बेचाळीस साली गिरणीचा एक विणाई मास्तर गाव सोडून जाताना काळ्या सर्जचा, रेशमी अस्तराचा कोट एका जॉबरला, म्हणजे कामगारांच्या मुकादमाला देऊन गेला. जॉबरच्या मुलाचं लग्न त्या कोटात झालं. मग शेजाऱ्याचं झालं. असं करत एकोणीस नवरदेव त्या एका कोटात बोहल्यावर चढले. जाड्यासाठी टाके उसवायचे, बारक्यासाठी कच्चे टाके घालायचे. कात्री मात्र लावायची नाही. चाळीतल्या कुठल्याही घरात गेलं तरी भिंतीवर लग्नाचा फोटो, आणि फोटोत तो कोट. चष्मा न लावता बघणाऱ्याला वाटावं, एकाच इसमाची एकोणीस लग्नं झाली आणि तो अजून हसतोय.

नियम एवढाच, की कोट शेवटच्या नवरदेवाच्या घरी राहायचा आणि पुढच्या नवरदेवानं स्वतः नारळ घेऊन तो न्यायला यायचं. शेवटचा नवरदेव होता जोतीराम. करमाळ्याकडचा, गिरणीत रात्रपाळीला. त्याचं लग्न एकाहत्तर साली झालं. त्यानंतर जी लग्नं झाली त्यांत पोरांना सासऱ्यांकडून टेरिलीनचे सूट मिळाले. तीन वर्षं कोट जोतीरामच्या ट्रंकेत पडून होता.

निंगप्पा दर कार्तिकात त्याच्याकडे जात.

“जोतीराम, कसर लागेल त्याला. मी नीट ठेवतो. ऊन देतो, ब्रश करतो.”

“तुमी लई नीट ठिवाल काका, म्या कुटं न्हाय म्हनतोय? पर तुमी नवरदेव हाय का?”

“मी साठीला आलो रे.”

“मंग न्हाय देता येत.”

यात जोतीरामचा दुष्टावा नव्हता. त्याच्या ताब्यात आजवर नियम पाळण्यासारखी दुसरी वस्तू आली नव्हती.

चौऱ्याहत्तरच्या मार्गशीर्षात हा तिढा सोडवला तो कोंडय्यानं. कोंडय्या चाळीच्या टोकाला राहायचा, घरात माग, घरी तेलुगू. निंगप्पांना येत्या वद्य पंचमीला साठ पूर्ण होतात हे कळल्यावर तो सहज म्हणाला, “मग लग्न कधी?”

“कुणाचं?”

“तुमचंच की. आमच्यात साठ झालं की नवरा-बायकोचं परत लग्न लावतात. मंगळसूत्र, अक्षता, सगळं. तुमच्यात नाही करत?”

निंगप्पांच्या अंगात त्या दिवशी स्टेशनमास्तरांचा कोट होता. ते उठले, त्याची पाचही बटणं लावली आणि थेट जोतीरामकडे गेले. मीही मागोमाग गेलो; असले प्रसंग रोज येत नाहीत.

जोतीरामनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ तो भिंतीवरच्या स्वतःच्या फोटोकडे बघत राहिला.

“बायकू तीच?” त्यानं विचारलं.

“तीच.”

“अक्षता पडनार?”

“पडणार.”

“मंग नवरदेव म्हंजे नवरदेवच की. वयाचं कुनी काय बोललेलं न्हाय. या नारळ घिऊन.”

निंगप्पांचा चेहरा असा उजळला, की चाळीस वर्षांपूर्वीच्या लग्नात तो तसा उजळला असेल असं मला वाटत नाही. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली जोतीरामची बायको मुक्ताबाई म्हणाली, “आन नवरीला इचारलं का?”

“तिला काय विचारायचं?” निंगप्पा म्हणाले. “ती बायकोच आहे.”

मुक्ताबाईनं फुंकणी खाली ठेवली. “लगीन म्हनताय नव्हं? मंग इचारा.”

निंगप्पा घरी आले तेव्हा जगदेवीकाकू ज्वारी निवडत होत्या. निंगप्पांनी आनंदाची बातमी एका दमात सांगितली. साठी, अक्षता, लग्न लावायला मठातले स्वामी, कोट. काकूंचं सूप हलत राहिलं.

“एन्री,” त्या शेवटी म्हणाल्या. काय हो, याला त्यांच्याकडे कानडीत एवढंच म्हणतात. “हे सांगताय का विचारताय?”

निंगप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटाकडे बघितलं.

“विचारतोय,” ते म्हणाले.

“पहिल्या वेळी कुणी विचारलं नव्हतं. अकरा वर्षांची होते. मांडवात झोप लागली म्हणून आत्यानं चिमटा काढला, तेवढंच आठवतंय. आता विचारताय, तर विचार करून सांगते.”

“कधी सांगशील?”

“ज्वारी निवडून होऊ दे.”

ज्वारी अर्धं पोतं होती.

पहिले दोन दिवस निंगप्पा हसत होते. तिसऱ्या दिवशी ते ज्वारी निवडायला स्वतः बसले, तेव्हा काकूंनी सूप काढून घेतलं. चौथ्या दिवशी ते आदल्या दिवशीचाच कोट घालून ओट्यावर आले आणि चाळीला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. पंचमी तीन दिवसांवर आली होती. मठातल्या स्वामींना सांगून झालं होतं; ते म्हणाले होते, आशीर्वादाला वय नसतं, माणसं किती येणार तेवढं कळवा. नारळ आणून ठेवला होता. नवरी मात्र विचार करत होती.

शेवटी निंगप्पांनी केराबाईंना मध्यस्थीला पाठवलं. केराबाई चाळीतल्या सर्वांत जुन्या. जन्मापासून मयतापर्यंत त्यांचा शब्द चाले. त्या आत गेल्या, चहा पिऊन बाहेर आल्या.

“काय म्हणाली?”

“उद्या पाटं पाचला नळावर या म्हणाली. तितं सांगते म्हणाली.”

“नळावर का? घरात काय झालं?”

“ते मला काय म्हाईत? मी चहा प्यायले.”

आमच्या चाळीला नळ एक आणि पाणी पहाटे पाच ते सहा. ते भरण्याचं काम पुरुष करत नसत. का, ते कुणी कधी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तरही कुणाकडे तयार नव्हतं. बायकांच्या रांगेत एकट्यानं जायचं धाडस निंगप्पांना होईना, म्हणून मला बरोबर घेतलं. त्यांनी लष्करी ओव्हरकोट घातला होता. मी माझ्याकडे होतं ते सगळं घातलं होतं आणि तरी दात वाजत होते.

रांगेत तेरा-चौदा बायका होत्या. पदर डोक्यावरून घट्ट, हात काखेत. केराबाईंनी पाठीवर बारदान घेतलं होतं. नळाची धार करंगळीएवढी. घागर भरेपर्यंत ती धरून बसायचं, हात कोपरापर्यंत भिजायचे, मग ती उचलून कमरेवर घ्यायची की अंगातलं कुडचं, म्हणजे चोळी, भिजायचं. निंगप्पांनी थंडी म्हणून आजवर जी अंगावर घेतली होती ती आठनंतरची होती. ही वेगळी होती. हिची त्यांची ओळख नव्हती.

“चादर घ्यावी की अंगावर,” ते पुटपुटले. “गावात चादरींना तोटा आहे काय?”

“घिऊन बगा,” मुक्ताबाई रांगेतून म्हणाली. “एका हातानं चादर धरा, एका हातानं घागर उचला. चादरीला बाह्या असत्यात व्हय, काका?”

रांग हसली. जगदेवीकाकूंची घागर भरली होती. ती त्यांनी बाजूला ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि त्या निंगप्पांसमोर उभ्या राहिल्या.

“ज्वारी झाली,” त्या म्हणाल्या. “लग्नाला माझी ना नाही. पण अक्षता पडेपर्यंत कोट तुमचा. नंतर माझा.”

“तुझा? म्हणजे ठेवायला?”

“घालायला. इथं. रोज.”

“नळावर?” निंगप्पांचा आवाज चिरकला. “अगं, भिजेल तो!”

“भिजेल.”

“रेशमी अस्तर आहे त्याला!”

“वाळेल.”

“बायका कुठं कोट घालतात?”

“पुरुष कुठं पाणी भरतात?” केराबाई बारदानाखालून म्हणाल्या.

निंगप्पांनी ओव्हरकोट उतरवला. मला वाटतं तेवढी उदारता त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा दाखवली असावी. “हा घे. आत्ता घे. हा जाड आहे, कितीही भिजू दे.”

काकूंनी तो हातात घेऊन वजन केलं आणि परत दिला. “हा कुठल्या सोल्जराचा कोण जाणे. मला तो पाहिजे. एकोणीस वेळा तो माझ्याकडे आला. याला ढिला करा, त्याला आवळा. रात्र रात्र बसून टाके मी घातले, लग्न झाल्यावर मीच उसवले. कुठल्या नवरदेवाला ढेरी होती, कुणाचा एक खांदा खाली होता, मला विचारा. तो कोट मला जेवढा माहीत आहे तेवढा तुम्हाला तुमचे एकवीस माहीत नाहीत. पण एकदाही अंगात घालून बघितला नाही.”

नळाची धार कुणाच्या तरी हंड्यात पडत होती. निंगप्पा नुसत्या सदऱ्यावर उभे होते आणि लष्करी कोट हातावर घेऊन थरथरत होते, पण तो परत घालायचं त्यांना सुचत नव्हतं.

“मलाही विचार करू दे,” ते म्हणाले.

“करा की. ज्वारी संपली, पण तूर आहे.”

निंगप्पांनी दिवसभर तूर निवडली. मी दोनदा डोकावलो. एकदा ते म्हणाले, “अस्तर एकदा भिजलं की डाग जात नाही.” दुसऱ्यांदा तुरीतले खडे तसेच राहत होते. संध्याकाळी त्यांनी नारळ उचलला आणि जोतीरामकडे निघाले. जाताना दारात थांबून आत म्हणाले, “खांद्यात तुला मोठा होईल तो.”

“टाके घालते की,” आतून आवाज आला.

जोतीरामला त्यांनी अट सांगितली, लपवली नाही. जोतीरामनं पुन्हा फोटोकडे बघितलं. मुक्ताबाई त्याच्याकडे बघत होती.

“कोट नवरदेवाच्या घरी ऱ्हायाचा, एवढंच आपल्याला ठावं,” तो म्हणाला. “घरात कुनी घालायचा, ते त्या घरचं त्येंनी बगावं.”

पंचमीला लग्न लागलं. कोट निंगप्पांच्या पोटावर मिटेना, म्हणून नवरीनंच बोहल्यामागे बसून नवरदेवाच्या पाठीचे टाके उसवले. स्वामींनी मुहूर्त पाच मिनिटं थांबवला. निंगप्पा त्या कोटात कसे दिसत होते म्हणाल तर, आयुष्यभर बाहेरून ऐकलेलं गाणं आत बसून ऐकणाऱ्या माणसासारखे. अक्षता पडल्यावर ते थोडा वेळ तसेच बसून राहिले. काकूंनी घाई केली नाही. मग त्यांनीच एकेक बटण काढलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी मुद्दाम उठलो. काकू पहिली घागर भरून पुन्हा रांगेत होत्या, हिरव्या लुगड्यावर काळा कोट, कॉलर वर केलेली. सगळ्या त्यांच्याभोवती जमल्या होत्या. “वळा की काकू, मागनं बगू द्या,” असं चाललं होतं.

“माज्या घागरीपुरता द्या की,” मुक्ताबाई म्हणाली. “लग्नात नुसता शेजारी हुता माज्या.”

“माज्याबी हुता,” पलीकडून दगडाबाई म्हणाली. “मला तर त्येचं बटन टोचत हुतं फोटू काढताना.”

तेवढ्यात निंगप्पा धापा टाकत आले. त्यांच्या दोन्ही हातांवर कोट होते: लष्करी, वकिली, स्टेशनमास्तरांचा, आणखी दोन. ते कुणाच्या हातात द्यायचे हे त्यांनी ठरवलं नव्हतं, म्हणून ते सगळेच केराबाईंच्या अंगावर ठेवून मोकळे झाले.

“धरायचे ते कॉलरला धरून,” ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले. “बटणाला धरून ओढायचे नाहीत. वकिलाच्या खिशात लवंग आहे, ती खायची नाही.”

मग त्यांचं लक्ष काकूंच्या हाताकडे गेलं. कोटाची बाही मनगटापाशी भिजून काळीकुट्ट झाली होती. ते पुढे झाले. चौदा बायका बघत असताना त्यांनी काकूंचा हात धरला आणि बाही दुमडायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, अस्तर आत राहील अशी, कोपराच्या वर. काकूंचा हात त्यांना गार लागला असावा, कारण दुसरी बाही दुमडून झाल्यावरही ते तो धरून उभे होते.

“काका, लाजा की वाईच,” मुक्ताबाई म्हणाली.

“गप गं,” काकू म्हणाल्या, आणि निंगप्पांना म्हणाल्या, “सोडा आता, नंबर जाईल.”

निंगप्पांनी हात सोडला आणि घागर स्वतः उचलून नळाखाली धरली. ती तिरकी लागली होती. काकूंनी ती पायानं सरळ केली.