फायनलपतोरचं दूध

“तळाला ठेवू नगंस. सगळं पी.”

तानाबाईनं धारोष्ण दुधाचा पेला गुंडूपुढं केला. शिवाजी पेठेतल्या दूधकट्ट्यावर रोज सकाळी म्हशी उभ्या राहत आणि गिऱ्हाइकासमोर धार निघे. लोक भांडी घेऊन ताटकळत, पण तानाबाईच्या म्हशीचा पहिला पेला गुंडूचा.

“मावशी, फुकट कवापतोर पाजणार?” त्यानं ओठांवरचा फेस पुसला.

“फायनलपतोर.”

गुंडू कॉलेजच्या फुटबॉल संघाचा स्टॉपर, बचावफळीतला. गेल्या साली याच संघाचा कप्तान होता तानाबाईचा कृष्णात. सेमीफायनलला समोरच्या कॉलेजातला सोमेश, गडहिंग्लजहून शिकायला आलेला पोरगा, दोन्ही पाय पुढं टाकून त्याच्या गुडघ्यावर आला. डॉक्टरांनी पाय सरळ केला, पण पळणं संपलं. कृष्णात आता राजारामपुरीत सायकलच्या दुकानात बसायचा.

“खेळात हुतंय, आई. त्यानं मुद्दाम केलं न्हाय,” असं तो म्हणाला होता. मोडलेल्या पायापेक्षा तानाबाईला हेच जास्त झोंबलं. पोराला राग धरता येत नव्हता, म्हणून तिनं तो स्वतःकडं घेतला.

जन्मात ग्राउंड न बघितलेली बाई त्या हिवाळ्यात दुपारी पायऱ्यांवर जाऊन बसायला लागली. सोमेशच्या कॉलेजची मॅच तर ती चुकवतच नसे. खेळ तिला कळत नव्हता. ती फक्त सोमेशचे दोन पाय बघायची. सुटलेल्या खोंडासारखा तो धावायचा, गोल मारून हात पसरायचा. ‘मोडू दे,’ ती पदराआड पुटपुटायची.

दोन्ही कॉलेजं फायनलला आली. फायनलच्या सकाळी पेला देताना ती म्हणाली, “उजवा पाय. माझ्या पोराचा बी उजवाच हुता.”

गुंडूनं मान वर केली नाही. “मला भाईर काढतील, मावशी.”

“काढू देत. दूध कुणाचं प्यालायस?”

उत्तरार्धात सोमेश बॉल घेऊन कडेनं सुटला. गुंडू आडवा आला. गोंगाटात आवाज ऐकू आला नाही, पण पाय वाकू नये तिथं वाकलेला तानाबाईनं स्पष्ट बघितला. ग्राउंड गप्प झालं. मग सोमेशची हाक आली, “अव्वा... अव्वा...”

“काय म्हणतंय त्यो?” शेजारच्यानं विचारलं.

“आईला हाक मारतंय. तिकडच्या अंगाला आईला अव्वा म्हणत्यात,” मागनं कुणीतरी सांगितलं.

पंचानं लाल कार्ड काढलं. बाहेर जाताना गुंडूनं सरळ पायऱ्यांकडं, तानाबाईकडं बघितलं. तो कुणाकडं बघतोय, हे रेषेबाहेर उभ्या असलेल्या कृष्णातनं हेरलं. त्यानंही एकदा आईकडं बघितलं. मग पाय ओढत तो मैदानात गेला, सोमेशचा गुडघा दोन्ही हातांनी खालून धरला आणि त्याच्याबरोबरच रिक्षात बसला.

दहा जणांचा संघ हरला. तानाबाई ‘बरं झालं, बरं झालं’ म्हणत घरी आली. भाकरी केल्या. त्या निवल्या तरी कृष्णातचा पत्ता नाही, म्हणून ती दवाखान्यात गेली.

तो वॉर्डाच्या दारातच होता.

“चल घरला. जेवायचं हाय.”

“गुंडूला तू सांगितलंस?”

तानाबाईनं त्याच्या दंडाला धरलं. त्यानं दंड सोडवून घेतला.

“माझ्या नावानं केलंस, आई. मला इचारायचं तरी हुतंस.” आणि तो आत गेला.

बाकावर इरकली लुगडं नेसलेली एक बाई बसली होती. कपाळावर विभूती, शेजारी गाठोडं. गडहिंग्लजच्या एसटीतून थेट इथंच आलेली दिसत होती. डोळे पुसून तिनं तानाबाईला विचारलं, “तुमचं बी पोरगं हाय काय आत?”

तानाबाईच्या तोंडून कसंबसं निघालं, “व्हय.”

“पाय?”

“पाय.”

“माझं बी,” बाई म्हणाली. तिनं गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि बाकावर सरकली. “बसा की, आक्का. उभ्यानं किती येळ काढशीला?”

तानाबाईनं पदर सावरला, आणि ती बसली.