अधिकाऱ्याला नाही म्हणायचं

तुम्ही कधी सरकार उलथवायचा प्रयत्न केलाय?

"हो," ब्लिया थाओ नम्रपणे म्हणाली होती.

कधी खोटी साक्ष दिलीय?

"हो."

तिथेच मुलाखत आटोपली. आग्नेय आशियातल्या डोंगरी हमोंग घरात वाढलेली बाई; मोठ्या माणसासमोर 'हो' म्हणजे 'ऐकतेय', एवढंच तिला ठाऊक. सरकारी माणसाला तोंडावर 'नाही' म्हणायचं म्हणजे त्याच्या थोबाडीत दिल्यासारखंच. आता या अर्जावरची शेवटची संधी, गुरुवारी. हुकली की अमेरिकेच्या नागरिकत्वासाठी पुन्हा पहिल्यापासून.

सोमवार. सेंट पॉलचं वाचनालय, नागरिकत्वाचा वर्ग. शिकवणाऱ्या लोर्नाबाई हॉगेन सरावासाठी नवऱ्याचा कोट चढवून अधिकारी झाल्या.

"दारू पिऊन कधी तुरुंगात गेलात?"

"हो, साहेब."

मागच्या बाकावर धाकटा दीर न्हिया खो खो हसला. "वहिनी, एकट्याच गेलात? आम्हाला न्यायचं तरी!"

बाईंनी कोट काढला. "ब्लिया, हा देश कसा सुरू झाला?"

"राजाविरुद्धच्या तक्रारी लिहिल्या. खाली सह्या केल्या."

"म्हणजे राजाला काय म्हटलं?"

"नाही म्हटलं." ती थबकली. "राजा चिडला नाही?"

"चिडला तर! कित्येक वर्षं लढाई चालली."

"बघा! आणि मला म्हणता, घाबरू नकोस."

बाईंनी घरून आणलेला डबा उघडला. ट्यूना मासा, शेवया, वर बटाट्याच्या चिप्सचा चुरा. "दोन वर्षं आणतेय. खरं सांग, आवडतं?"

ब्लियाचे कान तापले.

"नाही."

"थोडं तरी वाढू?"

"नाही, बाई. मिरची दाखवलेलीसुद्धा नाही याला."

न्हियाने टाळ्या पिटल्या. बाईही हसल्या, जरा उशिराच.

गुरुवार.

नाही. नाही. नाही.

(प्रश्न गाळलेत; सगळे तसलेच होते.)

नाही. नाही.

तरुण अधिकारी चिडला नाही, नुसत्या अर्जावर खुणा करत गेला. ब्लियाला गोडीच लागली.

"गरज पडली, तर देशाच्या कामाला याल?"

"ना" जिभेवर आलंच होतं. तिने हात वर केला.

"थांबा. परत विचारा. हळू."

तो थांबला. परत विचारलं, हळू.

ब्लियाने वेळ घेतला. गुडघे गेलेत, पण भाजी पिकवता येते, पोरं सांभाळता येतात.

"येईन," ती म्हणाली. "फक्त जड उचलायला लावू नका."

हसू दाबत त्याने 'मंजूर'वर खूण केली.