अण्णांचा अर्धा चेहरा

चाकूरच्या वैजनाथनं लातूरला दोन दिवसांचं फोटोग्राफीचं शिबिर केलं आणि तिसऱ्या दिवशी दुकानाची पाटी उतरवली. 'उज्वला फोटो स्टुडिओ' गेलं, 'वैजनाथ, पोर्ट्रेट आर्टिस्ट' आलं. बायकोचं नाव पाटीवरून गेलं ते गेलंच, वर तिलाच फ्लॅशचा स्टँड धरून उभं राहायचं काम लागलं. पासपोर्ट फोटो बंद. परीक्षेचा फॉर्म भरणाऱ्या पोरी समोरच्या जलीलभाईंकडं वळू लागल्या, तर हा म्हणायचा, जाऊ देत, तिथं नुसते चेहरे निघतात, आपण माणूस काढतो.

शिबिरातल्या सरांनी सांगितलं काय, तर फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवा, स्टँडवर एका बाजूला लावा, अर्धा चेहरा उजेडात अन् अर्धा अंधारात ठेवा. मागं काळा पडदा. डोक्याच्या वर भरपूर मोकळी जागा सोडा, ती जागा बोलते. सरांचं काही चुकलं नव्हतं. पण ते त्यांनी शहरातल्या दिवाणखान्यांसाठी सांगितलं होतं, चाकूरच्या चौकासाठी नाही, एवढी साधी गोष्ट ह्या शहाण्याच्या डोक्यात शिरली नाही.

अशात शेषेराव अण्णांचा पन्नासावा वाढदिवस आला. अण्णांना पंचायत समितीचं तिकीट पाहिजे होतं, आणि तिकीट देणारे साहेब नेमके त्याच दिवशी नांदेडहून लातूरला चाकूरवरून जाणार होते.

"बॅनर असा कर, साहेबानं गाडी थांबवली पाहिजे," अण्णा म्हणाले. "थांबली तर इलेक्शनचं सगळं काम तुझं. न्हाई थांबली तर जलील हाय."

पासपोर्टचं गिऱ्हाईक वैजनाथनं स्वतःच्या हातानं घालवलं होतं. हे कामही गेलं तर नवी पाटी घरी नेऊन पलंगाखाली सरकवावी लागली असती.

त्यानं अण्णांना काळ्या पडद्यापुढं बसवलं. गॉगल काढायला लावला. अण्णा सवयीनं हात जोडून हसायला लागले, तर म्हणाला, "हसायचं न्हाई. लांब कुठंतरी बघा." अण्णांनी बिचाऱ्यांनी लांब बघितलं. फोटो काळा-पांढरा केला. बॅनरवरून शुभेच्छुकांच्या मुंडक्यांची रांग उडवली, केक उडवला, शुभेच्छाही उडवल्या. खाली बारीक अक्षरात फक्त नाव ठेवलं.

"अहो, अण्णा अर्धेच दिसून राहिलेत," उज्वला म्हणाली. "अन् असं काळं काळं कशाला?"

"तुला काय कळतं? याला मूड म्हणतात."

जलीलभाई रस्ता ओलांडून बघायला आले. बराच वेळ बघून म्हणाले, "दोन्हीकडनं उजेड टाक बाबा. आपल्या लोकायला चेहरा पुरा लागतो." वैजनाथला वाटलं, म्हातारा जळून राहिला.

सकाळी चौकात बॅनर लागला. फुलं विकणाऱ्या केवळाबाईनं टोपली खाली ठेवली, वर बघितलं आणि मटकन खाली बसली. मागच्याच पंधरवड्यात अण्णांनी तिच्या नातवाचं शाळेचं काम करून दिलं होतं. ती रडली आणि झेंडूचा सगळ्यात मोठा हार तिनं बॅनरला बांधला. मग काय, बघता बघता उदबत्त्याही लागल्या.

दहाच्या सुमारास साहेबांची गाडी आली आणि खरंच थांबली. साहेब उतरले, चपला काढल्या, हात जोडून उभे राहिले. भरून न येणारी पोकळी निर्माण झाली, असं म्हणाले. शेजारी शिवप्रसाद उपरण्यानं डोळे पुसत होता. गेलं वर्षभर तोही तिकिटाच्या मागं होता. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीत बसायच्या आत पोकळी भरून टाकली.

अण्णा कडक इस्त्रीचे कपडे घालून, साहेबांना घालायची शाल घेऊन पोचले, तेव्हा गाडी लातूरच्या रस्त्याला घरणी गावाच्याही पुढं गेली होती. त्यांना बघून केवळाबाई पुन्हा रडली, या वेळेला आनंदानं. बाकी गर्दीनं नजर चुकवली. अण्णांनी बॅनरवरच्या स्वतःच्या हाराकडं बघितलं, मग वैजनाथकडं.

"थांबली रे गाडी," ते शांतपणे म्हणाले, आणि शाल काखेत मारून जलीलभाईंच्या दुकानात शिरले.

वैजनाथला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. पंधरा दिवस दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. सोळाव्या दिवशी एक माणूस म्हाताऱ्या बापाला हाताला धरून आला.

"हे आमचे वडील, ग्यानोबा. त्या अण्णांचा काढला ना, अगदी तस्सा काढा. सगळ्या तालुक्यात तुमच्यासारखा हात न्हाई म्हणतेत. मागनं धावपळ नको, आत्ताच काढून ठेवतो."

म्हातारा खुर्चीत बसला आणि कौतुकानं हसला. नव्या धोतराची घडी त्यानं मांडीवर नीट केली.

उज्वलानं स्टँड उचलून बाजूला धरला. वैजनाथनं कॅमेरा डोळ्याला लावला. "हसू नका, बाबा," तो म्हणाला.

"अन् वर जागा सोडा हं," पोरगा मागून म्हणाला. "हाराला."

वैजनाथनं सोडली. सरांनी सांगितली होती तेवढीच.