पल्याड दिलेलं पोर

देवीलाल राठोडाला दुसरं कोणतंच दुखणं नव्हतं. बीपी नाही, शुगर नाही, पन्नाशी गाठली तरी कापसाचं गाठोडं डोक्यावर घेऊन बांध ओलांडायचा. पण नदीपल्याडचं बहिणीचं घर दिसलं की त्याच्या पोटात जे दुखायचं, त्यावर मुकुटबनच्या दवाखान्यात औषध नव्हतं. आणि घर तर रोजच दिसायचं. त्याचं वावर पैनगंगेच्या अल्याड, बहिणीचं, गंगीचं, पल्याड. मध्ये नदी, तीही पावसाळा सरला की गुडघाभर. गंगीच्या नवऱ्यानं, धावजीनं, गेल्या साली स्लॅब टाकला आणि भिंतींना निळा रंग दिला. एवढा निळा रंग कोणी देते काय घराले, असं देवीलाल येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचा. समोरचा नाही म्हणाला की त्याला घटकाभर बरं वाटायचं.

हा हेवा त्याच्या एकट्याचा नव्हता म्हणा. अल्याडचे सगळेच बंजारे पल्याडच्या बंजाऱ्यांवर जळतात, आणि काहून जळू नये? बोली एक, देव एक, गोतं एक, सोयरीक एकमेकांत. पण वऱ्हाड होतं निजामाचं. मग कंपनी सरकार लढाया जिंकत जिंकत इकडं आलं, निजामाच्या उरावर आपली फौज बसवली आणि त्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाडच काढून घेतलं. नकाशावर बोट ठेवलं ते नेमकं पैनगंगेवर. अल्याडचं गोऱ्याचं, पल्याडची मोगलाई. गंमत बघा, त्या फौजांचं धान्य याच लोकांच्या बैलांनी वाहिलं होतं. पुढं गोरे गेले, निजाम गेला, रेघ काही गेली नाही, ती दोन राज्यांची शीव झाली. दिल्लीवाल्यांनी याद्या केल्या तेव्हा पल्याडचा बंजारा आदिवासी ठरला आणि अल्याडचा ठरला नाही. एकाच आजोबाचे नातू, त्यातला एक नदी ओलांडून बैल पाजायला गेला तो तिकडंच राहिला, एवढाच काय तो फरक.

पण देवीलालचं दुखणं याहून खोल होतं. पल्याडच्या त्या निळ्या घरात त्याचं स्वतःचं पोर वाढलं होतं.

झालं असं होतं की देवीलालच्या बायकोला, शीलाला, जुळे झाले. एक धडधाकट, दुसरा ओंजळीत मावेल एवढा. शीला तापानं फणफणलेली, अंगावर दूध नाही. तिकडं गंगीचं पोर जन्मतःच गेलेलं आणि तिचा पदर ओला. ती नदी ओलांडून आली आणि त्या ओंजळीएवढ्याला छातीशी धरलं, ते काही खाली ठेवलंच नाही. पुन्हा मूल होणार नाही असं तिला डॉक्टरनं सांगितलं तेव्हा तांड्याचा नायक हरिसिंग यानं पंच बसवले. राठोडाचं पोर जाधवाच्या गोतात कसं जाईल यावर खूप काथ्याकूट झाला. शेवटी पंचांनी गूळ खाल्ला. गूळ तोंडात गेला म्हणजे विषय संपला. दिलेल्या पोराला यापुढं आपलं म्हणायचं नाही, बापानं नाही, मायनं नाही, तांड्यातल्या कुत्र्यानंसुद्धा नाही. म्हटलं तर त्यानं पंचांना खोटं पाडलं असं होतं.

देवीलालनं कोणतं पोर दिलं हेही सांगायला पाहिजे. वाचेल असं वाटलं ते त्यानं ठेवलं, त्याचं नाव ओम. वाचणार नाही असं वाटलं ते देऊन टाकलं, त्याचं नाव गंगीनं बादल ठेवलं. आपण पोर नुसतं नदीपल्याड नाही, दुसऱ्या यादीत देऊन राह्यलो, हे ना त्याच्या डोक्यात आलं ना पंचांच्या. तांड्याच्या हिशोबात नदी म्हणजे उतार. कुठून पाणी कमी, तेवढंच बघायचं.

मग ती डॉक्टरकीची परीक्षा आली. दोघंही बसले. गुण ओमला जास्त, बादलला चांगलेच कमी. निकाल लागला आणि बादल आदिवासीच्या राखीव जागेवर मेडिकलला गेला. ओमही मेडिकलवरच गेला, पण मुकुटबनच्या औषधाच्या दुकानात, काउंटरमागं. गंगी पेढे घेऊन आली. शीलानं घेतला, ओमनंही घेतला. देवीलालनं आपला पेढा वासराला चारला आणि वर म्हणाला की जनावरालेबी गोड लागते. गंगीनं ऐकलं आणि डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी ती नवी साडी नेसून आली होती, तेही त्याच्या डोळ्यात खुपलं.

अरे, स्वतःच्या पोराचा हेवा कोणी करतो काय? देवीलाल करायचा. बादल सुट्टीत आला की बुटांसकट ओसरीवर बसायचा, शीलाचं बीपी बघायचा आणि 'मामा, तंबाखू सोडा' म्हणायचा. मामा! पोराचं नाक देवीलालचं, चालण्याची ढब देवीलालची, आणि तोंडात मामा. ओम त्याच्याशी पोटभर हसायचा, त्याची जाडी पुस्तकं चाळायचा, रात्र पडायच्या आत त्याला नदीपर्यंत पोचवायला जायचा. ओमला जळता येत नाही याचाही देवीलालला राग यायचा. मग दोघांच्या वाटचं तोच जळायचा.

गेल्या साली आदिवासीच्या यादीत घ्या म्हणून बंजाऱ्यांचा यवतमाळला मोर्चा निघाला. देवीलाल सगळ्यांच्या पुढं होता, घसा बसेपर्यंत ओरडला. परत आला तर बांधाशेजारचा रामधन, गोंड माणूस, वर्षानुवर्षं एकमेकांच्या वावरात डबा खाल्लेला, त्यानं तोंड फिरवलं. देवीलालनं विचारलं तेव्हा म्हणाला, आमच्या ताटात हात घालून राह्यला तू, अन् वरून जेवलास काय म्हून इचारतं. त्या दिवसापासून दोघांचे डबे वेगळ्या झाडाखाली. तिकडं पल्याडही हेच चाललेलं. तिथल्या गोंडांचं म्हणणं की आमच्या जागा बंजारे घेऊन गेले, आणि त्यातले निम्मे तर महाराष्ट्रातून आणून बसवलेले. म्हणजे रेघ मारणारा मेला, आणि रेघेच्या दोन्ही अंगाला माणसं एकमेकांच्या ताटात डोकावून राह्यली.

अशातच कोणीतरी बादलच्या नावानं अर्ज दिला, की हा पोट्टा मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला, फायद्यासाठी पल्याड नेलेला. चौकशी लागली. बादलचं शिक्षण अर्ध्यावर होतं. आदिवासी नाही असं ठरलं तर कॉलेजातून नाव जाणार होतं.

गंगी दुपारच्या उन्हात नदी उतरून आली. तळपाय ओले तशीच ओसरीवर बसली. चौकशीचा साहेब येईल आणि विचारील, एवढंच तिचं म्हणणं. एका शब्दाचं काम आहे म्हणाली. देवीलाल सुतळीला गाठी मारत बसला.

"भिया," ती म्हणाली, "बादल माहा हाय एवढं सांग. तू देल्ला तवा दहा दिवसांचा होता. फायद्यासाठी कोन नेते मरतं पोरगं?"

"मरतं होतं तं मलेच डॉक्टर व्हाले देल्लं असतं," देवीलाल म्हणाला. त्याचं त्यालाही नीट कळलं नाही काय बोलला ते. पण मनातलं सगळं त्यात आलं होतं: तुझं घर, तुझा स्लॅब, तुझा डॉक्टर, आणि माझ्या घरात काउंटरवर उभा राहणारा.

गंगीनं त्याच्याकडं बघितलं. मग शीलाकडं बघितलं. शीला चुलीपाशी पाठमोरी होती, तिनं मान वळवली नाही. गंगी उठून गेली. जाताना रडली नाही, आणि देवीलालला ती रडावी असं फार वाटत होतं.

साहेब आला तो मकर संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात, जीप घेऊन, पल्याडून मोठ्या पुलावरून फेरा मारत. उटनूरकडचा गोंड माणूस होता, केस पिकलेले, मराठी स्वच्छ बोलायचा. बरोबर बादलला आणलं होतं ओळख पटवायला. नायकाच्या ओट्यावर खुर्ची टाकली. हरिसिंग नायक आता म्हातारा झालेला, काठीवर हनुवटी ठेवून बसला. सगळा तांडा जमला. बाया भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, त्यात शीला. ओम दुकान सोडून आला आणि बादलच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

साहेबानं उगाच दरडावलं नाही. म्हणाला, माझ्या गावात तीन वर्षं एकही पोरगं डॉक्टर झालं नाही, जागा खोट्या दाखल्यांवर जातात, म्हणून मी हे काम मन लावून करतो. पण ज्याचं आहे त्याचं मला काढायचं नाही. मग बादलला विचारलं, हे समोर बसलेत ते कोण?

"मामा," बादल म्हणाला.

अडखळला नाही, नजर चुकवली नाही. इतक्या सहज म्हणाला की देवीलालच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याला वाटलं होतं एवढ्या घटकेला तरी पोराची जीभ जड होईल. साहेबानं दोघांची तोंडं आळीपाळीनं बघितली आणि भाचा मामावर गेलाय म्हणाला. मग देवीलालकडं वळला. खरं काय ते सांगा, हा तुमचा मुलगा आहे का?

त्या क्षणी देवीलालला दिसलं ते असं. बादलचं नाव जाईल. बादल परत येईल, ओमच्या शेजारी त्याच काउंटरमागं उभा राहील. दोघं सारखे. पल्याडचं निळं घर रिकामं. आणि पोरगं मामा म्हणायचं थांबेल. इतकं गोड काही त्याच्या मनात किती वर्षांत आलं नव्हतं.

"माहा हाय," तो म्हणाला. "माह्या रक्ताचा हाय. ओमचा जुळा भाऊ. मीच देल्ला."

बादलचं तोंड पांढरं पडलं. मग हरिसिंग नायकानं काठीवरची हनुवटी उचलली.

"साहेब, बादल गंगीचा हाय," तो म्हणाला. "हा तांडा साक्षी हाय."

त्याच्यामागं एकेक जण बोलायला लागला. गंगीचाच. जाधवाचा. लहानपणापासून बघतो. भिंतीला टेकलेल्या बायांतली कांताबाई म्हणाली, या देवीलालच्या पोटात जळते, पेढाबी वासराले चारला होता यानं. कोणीतरी हसलं. म्हाताऱ्यांनी तर गूळच खाल्ला होता, पण तेव्हा जन्मले नव्हते त्या पोरांनीही तेच सांगितलं. ओम खाली बघत म्हणाला, बाबाले माहा नंबर न लागल्याचं लागून राह्यलं साहेब, तुम्ही मनावर घेऊ नका. देवीलाल एकेकाकडं बघत राहिला. आयुष्यात कधी नव्हे तो खरं बोलला होता, आणि त्याचा हेवा तांड्याला इतका पाठ होता की ते खरं कोणी खरं धरेना.

साहेब मात्र हसला नाही. मग भिंतीकडं वळून शीलाला जवळ बोलावलं.

"बाई, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर मी कोणाचा शब्द घेणार नाही. तुम्हाला मुलं किती झाली?"

देवीलालचा जीव भांड्यात पडला. मायच होती ती. शीलानं पदर नीट केला. बादलकडं बघितलंसुद्धा नाही.

"एकच झाला साहेब," ती म्हणाली. "ओम."

साहेबानं मान हलवली. विश्वास बसला म्हणून की एकाच्या बोलण्यावर काही करता येत नाही म्हणून, ते त्यालाच ठाऊक. चहा घेतला नाही. जीपमध्ये बसायच्या आधी बादल शीलाच्या पाया पडला, येतो मामी म्हणाला, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवून लगेच काढून घेतला. देवीलालसमोरून तो नुसता गेला. मामाही म्हणाला नाही.

घरी आल्यावर देवीलालनं दार लावून घेतलं. शीला पीठ मळायला बसली होती, रोजच्यासारखी. सगळ्यांचं समजू शकतो, तो म्हणाला, पण तू? तुह्या पोटचा होता. तू माय असून खोटं बोलली.

शीलाचे हात थांबले नाहीत.

"तवा तुमी देल्ला त्याले," ती म्हणाली. "मी तापात होती. मले इचारलं बी नाई कोनी. आज मी देल्ला."

ती पीठ मळत राहिली. तिचं तोंड शांत होतं, आणि देवीलालला, काय सांगावं, तिचाही हेवा वाटला.