राजीचं ‘हाय’

सुनेनं माझ्या हातातून पोरीचं पुस्तक ओढून घेतलं, त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलते. चूक एवढीच, की पुस्तकात ‘ससा आहे’ छापलेलं आणि मी वाचलं ‘ससा हाय’. वीस महिन्यांची नात राजी माझ्या मांडीवर बसून सशाच्या कानावर बोट ठेवत होती.

“आई, तिला अजून एक शब्द बोलता येत नाही. पहिलाच शब्द गावठी नकोय मला,” स्वप्नाली म्हणाली आणि पुस्तक कपाटाच्या डोक्यावर ठेवलं, माझा हात पोचणार नाही असं.

मी नरसिंहपूरची, सातवी शिकलेली. जळोचीच्या या फ्लॅटमध्ये भाकरी थापायला माझं गावठीपण चालतं, नातीला वाचून दाखवायला चालत नाही. राग आला, अजून आहे.

मग ती नोकरीवर गेली की मी टीव्हीखालच्या खणातून लग्नपत्रिका काढायची. आमच्या इंदापूरकडची पत्रिका, नावंच वाचत बसा अर्धा तास. राजीला नावांशी काय करायचंय? मी चित्रं वाचायची. “गणपती हाय. हत्ती हाय. नवरी हाय.” मागची बाजू कोरी. “हितं काय न्हाय.”

महिन्याभरानं स्वप्नाली संध्याकाळी दारातून आत आली आणि राजीनं तिच्याकडं बोट केलं. “हाय.”

स्वप्नालीनं पर्स तिथंच टाकली. “इंग्लिश बोलली! रोज रात्री मी तिला इंग्लिश पुस्तक वाचून दाखवते, त्याचं फळ आहे हे.” लोणी देवकरला ड्युटीवर असलेल्या माझ्या लेकाला, रणजितला व्हिडिओ, माहेरी व्हिडिओ. मी पत्रिकेचा खण नीट लावून घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

रविवारी सुनेची आई आली. स्वप्नालीनं हात हलवून दाखवला, “आजीला हाय कर.” राजी ढिम्म. मग खणाकडं गेली, पत्रिका ओढून आणली आणि माझ्या मांडीवर बसली. गणपतीवर बोट ठेवलं. “हाय.” हत्तीवर ठेवलं. “हाय.” पत्रिका उलटली, कोऱ्या बाजूवर हात फिरवला. “न्हाय.”

विहीणबाई हसल्या. “हे कुठलं गं इंग्लिश?”

स्वप्नालीनं पत्रिका हिसकावली. राजीनं आपल्या रिकाम्या हाताकडं पाहिलं, मग आईकडं. “न्हाय,” म्हणाली आणि तिचे ओठ थरथरायला लागले.

सून तोंडघशी पडली की मला गोड वाटेल, असं महिनाभर धरून चालले होते. पोरीचं तोंड बघून काही गोड वाटलं नाही.

स्वप्नाली स्टुलावर चढली, कपाटावरचं पुस्तक काढलं, माझ्यापुढं आदळलं. “वाचा. पण आहे वाचा, आहे.”

“मला येतं तसंच वाचीन. न्हायतर तू बस हितं आन् वाच.”

ती बसली नाही आणि गेलीही नाही. भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी राहिली.

मी सशाचं पान उघडलं. “ससा,” एवढंच वाचलं, आणि सुनेकडं बघत थांबले.

“हाय,” राजी म्हणाली.