ठेवायच्या यादीतली ओळ

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला सगळे चिंगूस म्हणायचे. हात तसा सढळ होता त्याचा, पण मेमरीतला एक बाइट वाया गेला की जीव कासावीस व्हायचा. आम्ही दोघं सात वर्षं एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलवर, म्हणजे तिच्या गाभ्यावर, काम करत होतो. हा गाभा हजारो तुकड्यांचा असतो, आणि प्रत्येक तुकडा नाव दिलेल्या एका कप्प्यात असतो. शेवटच्या पायरीला लिंकर नावाचा प्रोग्रॅम ते तुकडे जोडतो आणि ज्याला कुणीच हाक मारत नाही, तो तुकडा टाकून देतो. त्याला दयामाया नाही. काही तुकड्यांना खरोखरच कुणी नावानं हाक मारत नाही, तरी यंत्र सुरू होताना ते लागतात. त्यांच्यासाठी एक यादी असते : हे कप्पे ठेव, जास्त विचारू नकोस.

त्या यादीत एक ओळ माझी होती. माझ्या थोरल्या भावाला दिसत नाही. तो संगणकाला जोडलेल्या जुन्या ब्रेल पट्टीवर बोटांनी वाचतो; पडद्यावरची अक्षरं तिच्यावर टिंबं होऊन वर येतात. ती बनवणारे केव्हाच गाशा गुंडाळून गेले. ती चालवणारा कोड मीच लिहून कर्नलमध्ये घातला होता. दादाला न्यायालयात दुभाष्याची नोकरी लागली होती, सहा महिन्यांच्या बोलीवर; काम पसंत पडलं तरच पक्की होणार होती. लेखी जबाबांचं भाषांतर करायचं आणि न्यायाधीशांसमोर उभं राहून ते वाचायचं. ते सहा महिने संपत आले होते आणि येत्या सोमवारी त्या बोलीतलं शेवटचं काम होतं.

त्याच सुमारास आमचा कर्नल नव्या, छोट्या यंत्रांतही बसवायचं ठरलं आणि तो चार किलोबाइटनं जास्त भरला. चिंगूसला मी आधीच बजावलं, काय कापायचं ते काप, दादाच्या ओळीला हात लावू नकोस. त्याचा चेहरा पडला. तुझा दादा तो माझा कोणीच नाही का, म्हणाला. आमच्याकडे जेवायला आला की दादाच्याच शेजारी बसायचा तो. मला ओशाळल्यासारखं झालं.

आमच्या ऑफिसात प्रत्येक बदलाला दुसऱ्या कुणाची तरी मंजुरी लागते. आम्हा दोघांची रीत अशी, की मी त्याचं वाचायचं नाही आणि त्यानं माझं वाचायचं नाही. याचा आम्हाला तोराही होता. बाकीचे ओळीओळीवर वाद घालत बसायचे, आम्ही डबा संपायच्या आत मोकळे. गुरुवारी त्यानं ‘कप्प्यांची आवराआवर’ नावाचा बदल पाठवला. एका हातात घास होता, दुसऱ्या हातानं मी तो मंजूर केला.

शनिवारी नवा कर्नल सगळीकडे गेला, दादाच्या संगणकावरही; संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो लागू होणार होता. सोमवारी दुपारी त्याचा फोन आला. न्यायालयात संगणक सुरू करून जबाब वाचायला तो उभा राहिला, पट्टीवर बोटं ठेवली आणि एकही टिंब वर आलं नाही. न्यायाधीशांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि दुसऱ्या दुभाष्याला बोलावलं. दादा हे सगळं अगदी सावकाश सांगत होता, आणि मला ते ऐकवेना.

मी यादी उघडली. माझी ओळ जागच्या जागी होती. मग गुरुवारचा बदल उघडला आणि पहिल्यांदाच वाचला. चिंगूसनं माझ्या कोडच्या कप्प्याचं नाव बदललं होतं. ओळ जुन्या नावाच्या रिकाम्या कप्प्याची राखण करत बसली होती. नवं नाव यादीत नाही, हाक मारणारं कुणी नाही, म्हणून लिंकरनं सगळा कप्पा टाकून दिला होता. बरोब्बर चार किलोबाइट सुटले होते.

चूक झाली असेल, असं मी स्वतःला समजावत त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. तो खोटं बोलला नाही. मुदत तोंडावर आली होती, दुसरीकडे कुठेच चरबी उरली नव्हती, एका पट्टीपायी सगळं अडलं होतं, असं सांगत राहिला.

“मग माझी ओळ कशाला ठेवलीस?” मी विचारलं.

“यादी तू उघडून बघशील असं वाटलं,” तो म्हणाला. “बदल वाचणार नाहीस, हे माहीत होतं.”

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. सात वर्षांचा विश्वास त्यानं हत्यारासारखा वापरला होता. मी भांडलेसुद्धा नाही. बदल उलटवला, नवा कर्नल बांधला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाकडे गेले. वाटेत चिंगूसला काय काय शिव्या घालायच्या, ते मनात रचत होते.

न्यायालयाचं पत्र माझ्या आधी पोहोचलं होतं. नोकरी पक्की होणार नव्हती. मी नवा कर्नल चढवून संगणक सुरू केला, पट्टीवर टिंबं उठली. नवा कर्नल आला की दादा काहीही वाचायच्या आधी बदलांची नोंद वाचतो, कुणी काय बदललं आणि कुणी मंजूर केलं ते, तशी त्यानं ती वाचायला घेतली. शनिवारी आलेल्या कर्नलच्या नोंदीवर त्याची बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा त्याच जागी आली.

“मंजुरीला तुझं नाव आहे,” तो म्हणाला.

मी सगळं सांगितलं. चिंगूसनं कसं फसवलं, कप्प्याचं नाव कसं बदललं, मी कशी न वाचता मंजुरी दिली. माझा आवाज चढला होता. मी थांबल्यावर दादानं पट्टीवरून हात उचलला.

“मला कुणी कागद वाचून दाखवला, तर मी दोनदा विचारून मग सही करतो,” तो म्हणाला. “तुला तर दिसत होतं.”